गेरूचे आकडे

त्या वस्तीचं नाव मी इथे लिहिणार नाही. उत्तर नागपुरात, रेल्वे लाइनच्या पलीकडे होती, एवढं पुरे. माणसांची नावंही लिहिणार नाही, आणि घरांचे नंबर तर मुळीच नाही. वाचणाऱ्याला वाटेल, बाई फार सावध दिसतात. बाई सावध नव्हत्या म्हणून तर हे लिहायची वेळ आली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी समाजशास्त्रात एम.ए. होऊन दोन वर्षं महाल भागातल्या आमच्या घरी बसले होते आणि आई माझ्यासाठी स्थळं बघत होती. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. राजे होते तेव्हापासून आमच्या घराण्याने कारकुनी धरली, ती सोडलीच नाही. अशात आमच्या कॉलेजातल्या सरांनी निरोप पाठवला की संशोधनासाठी सहायक हवी आहे. मी त्याच दिवशी सायकल काढली.

सर नुकतेच परदेशातून परतले होते. तिकडे काळ्या-गोऱ्यांच्या भेदाचा आणि त्याविरुद्ध निघणाऱ्या मोर्च्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. आता तीच पद्धत इथे लावून जातीकडे बघायचं त्यांच्या मनात होतं. त्यांचा प्रश्न मला अजून पाठ आहे. ते म्हणायचे, "अन्यायाचा राग सगळ्याच वस्त्यांत असतो, पण सगळ्याच वस्त्या रस्त्यावर येत नाहीत. एखाद्या दिवशी एखादीच येते. मधे निरोप कोण पोचवतो, ते आपल्याला शोधायचं आहे." मला हा प्रश्न इतका आवडला की तो आणखी कोणाला आवडू शकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे निघणं नवलाचं नाही. त्या वर्षी या वस्तीचाही एक निघाला. सीताबर्डीजवळ अडवला गेला, दगड आले, लाठ्या चालल्या. दोन शिपायांची डोकी फुटली आणि वस्तीतल्या कित्येकांच्या पाठी. सरांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "हीच वस्ती घ्या. आठवणी ताज्या आहेत." जखमाही ताज्या होत्या, पण प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता.

सरांचा एक दंडक होता. नाव लिहायचं नाही. नाव विचारलं की माणूस गप्प होतो, आणि कागदावर आलं की कुठे जाईल सांगता येत नाही. प्रत्येक घराला आकडा द्यायचा, बस. आता आकडे द्यायचे कसे? वस्ती वेडीवाकडी, महापालिकेचे नंबर निम्म्या घरांना नाहीत. पहिल्याच दिवशी मला दिसलं की मलेरियावाल्यांनी फवारणी करताना एकूण एक दारावर गेरूने आकडा टाकला आहे. ओळीने, एकही घर न सोडता. मी तेच आकडे उचलले. सरांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले, म्हणाले, "फील्डवर्कची दृष्टी आहे तुमच्याकडे." मी आठवडाभर हवेत होते. आज कोणी असं कौतुक केलं तर मी आधी दरवाजा बघेन, बाहेर कोण उभं आहे ते.

वस्तीतली बहुतेक घरं बौद्ध. कोणी गिरणीत, कोणी रेल्वेत, कोणी पोस्टात, आणि बायका घरोघरी बिड्या वळणाऱ्या. मी तिथे गेले की पहिला प्रश्न मलाच व्हायचा, "तुमचं आडनाव काय, बाई?" सांगितलं की समोरचा माणूस मान हलवायचा आणि बसायला दिलेली खुर्ची पुन्हा एकदा पुसायचा. त्या पुसण्याने मला कानकोंडं व्हायचं. आणि घरी परतले की आई काही बोलायची नाही, फक्त वस्तीवरून आल्याच्या दिवशी बंबात पाणी तापलेलं असायचं. एरवी मलाच तापवावं लागे. जातीवर संशोधन करणारी मी ते पाणी मुकाट्याने अंगावर घ्यायची. चीड यायची, पण कोणाची, ते स्वतःला सांगायला मला पुष्कळ वर्षं लागली.

माझं बस्तान बसलं ते एका मावशींच्या ओसरीवर. साठीच्या आसपासच्या, विधवा, हाडं दिसणारे हात. ओल्या पोत्यात तेंदूची पानं, मांडीवर सूप, कात्रीने पान कापून एवढीशी तंबाखू घालायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. हे चालू असताना त्या हाताकडे एकदाही बघायच्या नाहीत. गल्लीतल्या बायका आपल्या बिड्या त्यांच्याकडे आणून ठेवायच्या आणि मावशी त्या कारखान्यावर पोचवायच्या. त्यामुळे घरात सारखा राबता. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून त्या धम्मदीक्षा घ्यायला मैदानावर गेल्या होत्या. ते सांगताना मात्र हात थांबायचा.

त्यांना एकच मुलगा. खापरखेड्याच्या बाजूला सरकारी वीजघरात हंगामी मदतनीस होता. सहा वर्षं हंगामी. त्या वर्षी त्याचं नाव पक्कं करायच्या यादीत आलं होतं आणि मावशींच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. "पक्का झाला का मंग मी ह्या बिड्या सोडून देतो," त्या म्हणायच्या. "डोळ्याले दिसून नाही राहिलं आता. नुसत्या सवयीनं वळून राहिली."

माझ्या प्रश्नावलीतला बारावा प्रश्न होता, मोर्च्याचं तुम्हाला कोणी सांगितलं? आकड्याने उत्तर लिहायचं. पहिल्या घराने मावशींकडे बोट दाखवलं. दुसऱ्यानेही. तिसऱ्या दारातल्या गिरणीकामगाराने क्षणभर बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्या मावशीनंच सांगितलं ना, बाई. लिहा." मला गंमत वाटली. राबता आहे त्यांच्या घरी, साहजिकच आहे, असं मी वहीत टिपूनही ठेवलं. खुद्द मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मले कोणी काहून सांगन? मीच सांगितलं साऱ्यायले. लिही वं, माह्यंच लिही."

त्याच सुमारास गल्लीच्या तोंडाशी, पानठेल्याजवळ, एक माणूस दिसू लागला. पांढरे कॅनव्हासचे बूट, हाताला घड्याळ, सायकल कायम स्टँडवर. पान खाताना मी त्याला कधी पाहिलं नाही. मी गेले की तो पेपर वाचत असे आणि दोन तासांनी परतले तरी तेच पान उघडं असे. मला काहीतरी खटकलं. पण मी सुशिक्षित मुलगी, खटकलेल्या गोष्टीलाही पुरावा मागायची. सरांना मी बोलले नाही.

दोन महिन्यांत माहिती जमली. मग मी मोठ्या कार्डशीटवर तक्ता काढला. प्रत्येक घर म्हणजे एक गोल, गोलात आकडा, आणि ज्याने ज्याच्याकडून निरोप घेतला तिकडे बाण. माझं ड्रॉइंग चांगलं होतं. रोटरिंग पेनने रात्रंदिवस खपून काढलेला तो तक्ता भिंतीवर लागला तेव्हा विभागातली माणसं उठून बघायला आली. सगळे बाण एकाच गोलात घुसत होते. सर कितीतरी वेळ चष्मा वर-खाली करत उभे राहिले. तिकडच्या अभ्यासात पाद्री निघाले, विद्यार्थी निघाले, इथे एक बिडी वळणारी म्हातारी निघाली, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

विभागाच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवलं. सरांनी छडीने बाण दाखवले, मी तक्त्याशेजारी उभी. मागच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते, पन्नाशीचे, बारीक किनारीचा स्वेटर, मांडीवर वही. प्रश्नोत्तरांत त्यांनी अगदी अदबीने हात वर केला. "नमुना निवडताना एखादं घर सुटलं तर नाही ना?" त्यांनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, "एकही नाही." ते हसले आणि लिहून घेतलं.

दोन दिवसांनी ते विभागात आले. सर बाहेरगावी होते. स्वतःच म्हणाले, पोलिसांच्या खास शाखेत आहे, पण मूळचा आपल्याच विषयाचा, एम.ए. केलंय मी. मी उठून तक्त्यासमोर उभी राहिले. मी तयारीनेच म्हणाले, "आम्ही कोणाचीही नावं देत नाही. आमच्याकडे नावं नाहीतच." "नावं नकोतच, मॅडम," ते म्हणाले. "आकडे पुरेत. अभ्यासासाठी." आणि तक्त्याच्या अक्षराचं, बाणांच्या जाडी-बारीकपणाचं असं जाणत्या माणसासारखं कौतुक करू लागले की माझी भीती विरघळली. नावं नाहीत म्हणजे धोका नाही, हेच मला शिकवलेलं होतं. मी ट्रेसिंग पेपर आणला आणि तासभर बसून त्यांना प्रत काढून दिली. बाण घाईत वाकडे येऊ नयेत म्हणून पट्टी वापरली.

पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या फेरीसाठी वस्तीत गेले. भर दुपार, उन्हाचा चटका. पानठेल्याजवळ सायकल होती, माणूस नव्हता. तो गल्लीत होता. एका दारासमोर उभा राहिला, वर गेरूच्या आकड्याकडे पाहिलं, हातातल्या घडी केलेल्या कागदाकडे पाहिलं, पेन्सिलीने खूण केली, पुढच्या दाराकडे सरकला. ट्रेसिंग पेपर उन्हात चमकत होता. माझ्याशेजारून जाताना त्याने ओळखीची मान हलवली, जणू आम्ही दोघं एकाच कचेरीत कामाला होतो.

नाव लिहू नये म्हणून आम्ही आकडे लिहिले होते, आणि ते आकडे बारा महिने, दिवसाढवळ्या, दारांवर लिहिलेले होते. हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. सरांना कळलं नाही, मला कळलं नाही, हॉलभर विद्वानांना कळलं नाही. आमच्यापैकी कोणाचं दार आकड्यावरून शोधत पोलीस कधी आलेच नव्हते.

मावशी ओसरीवर आनंदात होत्या. मी बसायच्या आतच म्हणाल्या, "सकाळी पोलीस येऊन गेले, बाई. पोराच्या नोकरीची चौकशी कराले. पक्कं कराच्या आधी करतात म्हणे. चांगले होते बिचारे. च्या करून देला मी त्यायले."

मी त्यांना सगळं सांगितलं. तक्ता, बाण, आकडे, ती प्रत. सांगताना मी रडले, आणि स्वतःच्या रडण्याचाही मला राग आला. त्यांनी मधेच थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि उठून ओसरीच्या दोन्ही टोकांना बघून आल्या.

"सारे बाण माह्याचकडं?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"मंग बराबर सांगितलं साऱ्यायनं," त्या म्हणाल्या आणि जवळ बसल्या. हळू आवाजात जे सांगितलं ते असं. मी पहिल्यांदा वस्तीत कागद घेऊन आले त्याच संध्याकाळी विहारात मंडळी बसली होती. बाई कोण, कुठून आली, कागद कुठे जाणार, कोणालाच ठाऊक नव्हतं. मोर्चा ज्यांनी जमवला ते पाच-सहा तरुण, कोणी नोकरीतले, कोणी शिकणारे. त्यांचं नाव कोणीही घ्यायचं नाही असं ठरलं. मग कोणाचं घ्यायचं? मावशीच उठून म्हणाल्या होत्या, माह्यं सांगा. "म्हातारीले कोण काय करते, बाई? मले ना नोकरी, ना चाकरी. जेलात टाकलं तरी तिथं बिड्या तं वळा नाही लागन."

दोन महिने मी घरोघर फिरून जी माहिती गोळा केली ती एका संध्याकाळी विहारात ठरलेली होती. त्या वेळी मला पहिल्यांदा आमच्या सगळ्या शास्त्राचं हसू आलं असतं, पण मावशी बोलता बोलता थांबल्या. सकाळच्या पोलिसांना त्यांनी मुलाचं पूर्ण नाव, कामाची जागा, साहेबाचं नाव, सगळं आपल्या तोंडाने सांगितलं होतं. आपण म्हातारी आहोत हे त्यांनी हिशेबात धरलं होतं. आपण कोणाची तरी आई आहोत हे धरायचं राहून गेलं होतं.

"त्याच्या कागदावर लिहितीन का ते?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "मी उद्या सकाळीच त्यांच्या कचेरीत जाते. तक्ता चुकला म्हणून सांगते."

सिव्हिल लाइन्समधली ती कचेरी बाहेरून एखाद्या बंगल्यासारखी होती, फाटकाशी बोगनवेल. स्वेटरवाल्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. टेबलावर माझा ट्रेसिंग पेपर होता, गोलांवर आता निळ्या पेन्सिलीने नावं लिहिलेली. माझ्या अक्षरापेक्षा अक्षर सुंदर होतं.

मी म्हणाले, "हा तक्ता चुकीचा आहे. त्या बाईंचा काही संबंध नाही. कोणाच्याही विरुद्ध तो वापरू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. परीक्षक विद्यार्थ्याकडे बघतो तसं. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

"मग बरोबर कोणता?" ते म्हणाले. "काढून द्या. मला घाई नाही."

पंखा चालू होता, कागदाचा कोपरा उडत होता. त्यांनीच पेपरवेट उचलून त्यावर ठेवला. तक्ता चुकीचा आहे हे मला कळलं, म्हणजे बरोबर काय तेही मला कोणीतरी सांगितलं असणार, एवढं त्यांना उमगलं होतं. मावशींच्या बोलण्यावरून मी ते पाच-सहा चेहरे ओळखले होते. एकाच्या घरी मी चहा प्यायले होते, एक मला दर वेळी रेल्वे लाइनपर्यंत सोडायला यायचा. आणखी एक वाक्य बोलले असते तरी त्या गृहस्थांना धागा मिळाला असता.

"नाही," मी म्हणाले. "मी घाबरून बोलले. तक्ता बरोबर आहे."

"नक्की?"

"एकही घर सुटलेलं नाही."

त्यांनी ट्रेसिंग पेपरच्या खाली सही मागितली. तारखेसकट. मी केली. बाहेर येऊन बोगनवेलीपाशी सायकलला किल्ली लावताना ती माझ्या हातून दोनदा खाली पडली.

मावशींकडे लगेच जायचं धैर्य मला झालं नाही. गेले ते महिन्याभराने, तेही त्यांनी निरोप पाठवला म्हणून. मुलाच्या साहेबाने आदल्या दिवशी घरी गडी पाठवून कळवलं होतं, पोलिसांचा शेरा वाईट आला, नाव यादीतून गेलं, सोमवारपासून हंगामी कामही नाही. मुलगा पाळीवर होता, मावशींनी त्याला अजून कळू दिलं नव्हतं.

त्यांनी विचारलेलं नसताना मी सांगून टाकलं. "मी गेले होते त्या कचेरीत. आणि तुमचंच नाव बरोबर आहे असं लिहून देऊन आले." आणि का, तेही सांगितलं.

मावशींनी एक बिडी पुरी केली, दोरा दाताने तोडला. "बरं केलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात बरं काही नव्हतं. "दुसरं काही कराले जागाच नोयती."

मग म्हणाल्या, "आता माह्या पोराले तू सांग."

"मी?"

"मी सांगितलं तं तो म्हणन, काहून घेतलं आपल्यावर? कोणासाठी? मंग त्या पोरायवर राग धरन. शेजारचीच पोरं होत, रोज तोंड पाहा लागते एकमेकायचं. तुह्यावर धरू दे. तू जाशीन इथून निघून."

यात दुष्टावा नव्हता. त्यांनी मनाशी सगळं तोलून पाहिलं होतं आणि माझी जागा मला दाखवून दिली होती. मला भयंकर वाईट वाटलं आणि त्याहून जास्त, त्या चुकत नाहीत याची लाज वाटली.

साडेचारच्या बसने तो आला. अंगावर राखेची पूड, हातात डबा. हातपाय धुऊन ओसरीवर बसला. तिशीचा, शांत, आईसारखेच हाडकुळे हात. मावशी आत गेल्या. मी त्याला सांगितलं. विहारातली बैठक वगळून बाकी सगळं. तक्ता माझा, आकडे मी उचललेले, प्रत मी काढून दिली, सही मी केली. चूक सगळी माझ्या अंगावर येईल अशा बेताने सांगायला मला कष्ट पडले नाहीत.

तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मी त्याची ऋणी झाले असते.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "हे लिहाचं काम करता तुम्ही. पक्कं आहे का तुमचं?"

तो टोमणा मारत नव्हता. सहा वर्षं ज्या एका गोष्टीची वाट पाहिली ती दुसऱ्या माणसाकडे आहे का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. त्या तक्त्यावर सरांचा लेख छापायला गेला होता आणि त्यांच्या शिफारशीवर कॉलेजने मला अधिव्याख्याता म्हणून घेतलं होतं. नेमणुकीचं पत्र माझ्या पर्समध्येच होतं, वडिलांना दाखवून तसंच राहिलेलं.

मी म्हणाले, "हो. गेल्या सोमवारी झालं."

"चांगलं झालं," तो म्हणाला, आणि आईला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.